जट वाळवायची रीत

हैदराबाद,
मंगळवार, १९ नोव्हेंबर २०२४

आई,

पत्राच्या वर तीर्थरूप लिहायचं असं शाळेत शिकवलेलं. पण ज्यानं आपल्याकडनं तोंड फिरवलंय त्याला काय लिहायचं, ते त्या इयत्तेत नव्हतं, आणि पुढच्या इयत्तेत मी गेलो न्हाय. म्हणून नुसतं आई लिहितो. पाया पडतो, लांबनं.

तू देवीपुढं शपथ घेतलीस की जोत्याचं तोंड बघणार न्हाय आणि त्याचा आवाज कानावर पडू देणार न्हाय. म्हणून दोन वर्सं मी घरी फोन केला न्हाय. पिंकी अक्कलकोटला कॉलेजला गेली की तिकडनं करती, तेवढाच. पण पत्राचं तसं न्हाय. अक्षर माझं, आवाज पिंकीचा. तू पोरीचा आवाज ऐकायलीस, माझा न्हाय. देवीलासुद्धा यात काय धरता यायचं न्हाय.

आबा मेंढरं घेऊन गेलं असतील. दिवाळी झाल्यावर त्यांचा पाय घरात ठरत न्हाय. लोकं म्हणत्यात मी त्यांच्यावर गेलोय. ते घरात नसताना पिंकीला वाचता यावं म्हणूनच आता लिहितोय.

पिंकीनं सांगितलं की तुझी मान धरलीया. मंगळवारी आणि शुक्रवारी डोईवरनं पाणी घेतलंस की जट वाळतच न्हाय, पुढचा वार आला तरी आत ओल ऱ्हाती. थंडीत ताप येतोय. वास येतोय म्हणून तू वरनं आणखी हळद थापतीस, आणि हळदीनं ओल आणखीनच आत दडती.

मी कात्रीचं नाव काढणार न्हाय. तू दुपारची निजलेलीस, मी कात्री लावली, आणि तू जागी होऊन अशी ओरडलीस की मेंढरं उठली. ते झालं. आता नुसतं वाळवायचं सांगतोय. जट तुझी, देवी तुझी. वाळवायला तरी कुणाची मनाई नसंल.

हितं आमच्या सलूनमध्ये बायका नुसतं केस धुऊन वाळवून घ्यायला येत्यात. कापायचं न्हाय, रंगवायचं न्हाय, नुसतं वाळवायचं. तू म्हणशील, ऊन मेलंय का हैदराबादेत? मीबी पहिल्यांदा तेच म्हणालेलो. पण वाळवण्यात लई फरक असतोय. मला शिकवलं ती सुंदरम्मा, पंधरा-वीस वर्सं हेच करती. ती म्हणती, केसाला मारू नक्को रे, मनव. म्हणजे समजूत घाल. मला आता स्वतःची खुर्ची दिलीया. गिऱ्हाईक माझं नाव घेऊन येतंय.

ट्रॅव्हलच्या ड्रायव्हरकडं वाळवायचं मशीन दिलंय. पिंकीनं सोलापूरला जाऊन घ्यायचं. आणि पिंके, तू कसं करायचं ते आता नीट ऐक, आणि आईला ऐकव, म्हणजे तिला भ्या वाटायचं न्हाय.

पंचानं खसाखसा पुसायचं न्हाय. आईचं मऊ झालेलं जुनं सुती लुगडं घे आणि नुसतं दाब. जट पिळायची न्हाय, लुगड्यात गुंडाळून दाबत बसायचं, लुगडं पाणी प्यायचं थांबत न्हाय तोवर. मग मशीनच्या तोंडाला चपटं टोपण बसव, त्यानं हवा एका जागी पडती. मशीन डोक्यापासनं वीतभर लांब धर आणि हात हलता ठेव, एका जागी थांबलीस तर चटका बसंल. वरचं केस चिमटे लावून बाजूला घे आणि मानेपासनं सुरू कर, खालनं वर यायचं. हवा कायम मुळाकडनं टोकाकडं. उलटी मारलीस तर केस फिस्कारत्यात. मुळं पहिली, टोकं मागनं. घरी करणाऱ्या बायका हितंच चुकत्यात, टोकं वाळली की झालं म्हणत्यात, आणि मुळं ओली ऱ्हात्यात. शेवटाला निळं बटण दाबायचं, ते गार हवेचं. गरम हवेनं केस वळतो आणि गार हवेनं तो तसा ऱ्हातो. गार हवा द्यायची ऱ्हायली तर सगळी मेहनत पाण्यात.

एवढंच. आई, अंगाला जप.

पिंके, हितनं पुढं आईला वाचू नको. पत्र संपलं म्हणून सांग.

तुला आठवत नसंल, आज्जा जेन करायचा. घोंगडं विणत्यात, पण जेन विणत न्हाईत. लोकर पसरायची, पाणी मारायचं, गुंडाळायची आणि पायानं मळायची. ओली लोकर घासली की एकात एक अडकती, मग कुणाच्या बापाला सुटत न्हाय. जट म्हणजे तेच हाय की गं. तीन वर्सांमागं आई तापानं महिनाभर पडून होती, घाम आणि उशी, उशी आणि घाम, कुणी फणी फिरवली न्हाय. तिच्या डोक्यावर जेन झालं. मग अक्कम्मा जोगतीण आली, तिनं ‘मुट्टबेड’ म्हणून सगळ्यांना लांब केलं, हात लावू नका, यल्लम्मा आलीया, कापली तर घरावर कोप हुईल. झालं.

पण मी अक्कम्माला एकदा विचारलेलं, कात्रीच्या आधी. म्हटलं, कापायची न्हाय, पण आपणहून सुटली तर? ती म्हणाली, सुटली तर तिनंच सोडलं म्हणायचं, तिची मर्जी.

तेच मी धरलंय. मुळाशी जो नवा केस येतोय तो कोरडा ऱ्हायला आणि तू बोटानं मोकळा ठेवलास, तर तो जटेत जायचा न्हाय. जट खाली खाली सरकंल. आतलं गळालेलं केस आतच अडकून बसलेलं असत्यात, ती दिसती जाड पण डोक्याला धरून थोड्याच केसांनी असती. आपण कापायचं न्हाय. नुसतं वाळवायचं. आईला वाटू दे, वाळवायलोय.

जोत्या


हैदराबाद,
बुधवार, ८ जानेवारी २०२५

आई,

मशीन लावल्या लावल्या फ्यूज उडाला आणि ईरप्पाकाकाच्या घरचीबी लाईट गेली म्हणं. पिंकीनं सांगितलं तसा मी हितं सलूनमध्ये एकटाच हसलो. दोन नंबरच्या बटणावर चालवा. तीन नंबर आपल्या तारा सोसत न्हाईत. आणि पिठाची गिरणी चालू असती तेव्हा लावू नका.

पिंकी म्हणाली, मशीनचा आवाज ऐकून तू म्हणालीस, “ह्येचं बघ, जोत्यागतच. एकदा सुरू झालं की थांबायचं नाव न्हाय.” माझं नाव घेतलंस. दोन वर्सांत पहिल्यांदा, असं पिंकी म्हणाली. शपथेत नाव घेऊ नये असं न्हायच की.

ताप येत न्हाय हे ऐकून बरं वाटलं. आणि वाळवता वाळवता तुला बसल्या जागी डोळा लागतोय म्हणं. हितं बायकांचंबी तसंच होतंय. मोठ्या मोठ्या बायका, गाडीतनं येणाऱ्या, मान टाकून तोंड उघडं पडस्तोवर झोपत्यात. मागनं उबदार हवा आली की माणसाला राखण बसल्यागत वाटतंय, असं सुंदरम्मा म्हणती.

पिंके, तू आईचा कान भाजलास. कान पदरानं झाकून घे आधी. आणि वाळल्यावर बोटाला तेल लावून ते तळव्यावर चोळ, मग तळवा केसांवरनं फिरव. तेल ओतायचं न्हाय. ओतलेलं तेल धूळ धरतंय.

सोलापूरला येणारं एखादं माणूस भेटलं तर आणखी एक गोल ब्रश पाठवतो. तो केसात घालून खाली ओढायचा आणि वरनं हवा फिरवायची. ताण पाहिजे पण दुखलं न्हाय पाहिजे. आबा मेंढरू कातरताना कातडं ताणून धरत्यात तसं. सैल सोडलं की जखम, लई ताणलं की मेंढरू उसळतंय.

माझं बरं चाललंय. रोज जेवतो.

पिंके, पुढचं आईला वाचू नको.

खुर्ची माझी न्हाय. मी केस धुतो, वाळवतो आणि झाडतो. कात्री मला अजून कुणी देत न्हाय. सुंदरम्मा म्हणती तुझ्या हाताला घाई लई. बरोबर हाय तिचं. हितंबी करमंना झालंय, पण तू आईला खुर्चीचंच सांग.

दोन बोटं नवं केस मोकळं झाल्यात हे तू सांगितलंस तेव्हा मी त्या दिवशी कामात दोनदा चुकलो. चालू ठेव. कंडिशनरची बाटली पाठवलीया, ती फक्त मुळाशी लाव, आणि आईला औषध म्हणून सांग.

तू म्हणालीस की केसाला हात लावला की आई पहिल्यांदा मान आत ओढून घेती आणि मग बसती. दुखत असंल. हळू धर.

जोत्या


बंगळूर,
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५

पिंके,

हे पत्र आईला वाचूच नको. गावाच्या पत्त्यावर पाठवत न्हाय, तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर पाठवतो. फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर तू मधी बोलतीस आणि मग माझं ऱ्हातंय.

हैदराबाद सोडलं. सुंदरम्मा रागावली. म्हणाली, तुझ्या पायाला चाकं लावून जन्माला घातलं का रे आईनं? मी काय सांगितलं न्हाय तिला. ती समजली असावी. कशी ते सांगतो.

एक बाई आली. नेसणं भारी, बाहेर ड्रायव्हर थांबलेला, कुणाच्यातरी लग्नाला जायची होती. धुऊन झालं, मी तिला खुर्चीत बसवलं आणि मागनं मानेवरचं सगळं केस एकदम मुठीत धरलं. रोजचंच काम. त्या बाईचं दोन्ही हात गपकन डोक्यावर आलं. कोपरं पुढं, हनुवटी छातीला, अंग असं आवळलेलं की खुर्चीबी आवळली. मी मूठ सोडली. आरशात मला तिचं तोंड दिसंना, नुसती कोपरं.

सुंदरम्मानं मला डोळ्यानंच बाजूला केलं. तिनं त्या बाईला काय विचारलं न्हाय. तिच्या खांद्यावर कोरडा टॉवेल टाकला आणि म्हणाली, “हवा गरम लगी क्या अम्मा?” बाई म्हणाली, “हौ, गरम लगी.”

मशीन मी तवर चालूच केलं नव्हतं.

पिंके, ती कोपरं मी बघितल्यात. तूबी बघितल्यात. आई चुलीपुढं भाकरी थापायची आणि आबा मागनं यायचे. तिचा अंबाडा त्यांच्या मुठीत बरोबर मावायचा. चुलीपासनं अंगणापर्यंत. कधी मीठ जास्त झालं म्हणून, कधी कोकरू मेलं म्हणून, कधी काय न्हाय म्हणून. मी दाराच्या मागं असायचो आणि तू माझ्या मागं.

आता आठव. जट आल्यापासनं आबानं आईच्या डोईला एकदा तरी हात लावला का? मी चार दिवस डोक्याला ताण देऊन आठवलं, मला एकदाबी सापडंना. ज्या बाईला अंगणात ओढत आणायचे, तिला आता मंगळवारी आधी वाढून मग स्वतः बसत्यात. ‘केरे’ अशी शिवी देऊन हाक मारायचे, आता नावच घेत न्हाईत, ‘जेवल्या का’ म्हणून विचारत्यात. गल्लीतल्या बायका पाया पडत्यात ते येगळंच.

कात्री लावली तेव्हा ती ओरडली, ते देवीला भिऊन ओरडली असं मला वाटलेलं. दोन वर्सं मी हेच धरून बसलो की आई अडाणी हाय. ती माझ्या हाताला भ्याली गं. झोपेत तिच्या केसाला धरणारं माणूस एकच होतं.

आणि आपण काय करायलोय? तिच्या डोक्यावर एकच छप्पर हाय आणि ते आपण रोज फुंकून फुंकून उडवायलोय. तिला न सांगता.

बंद कर. वाळव, ताप येऊ नये एवढं वाळव, पण मुळं मोकळी करू नको. बाटली फेकून दे. नवं केस गुंततील तर गुंतू दे. आबा पावसाळ्याला परत आलं की त्यांना जट जिथल्या तिथं दिसली पाहिजे.

मी येऊ का? येऊन आबाला धरू का एकदा समोर? मला सांग. पण मला माझं म्हाईत हाय. मी येईन, दोन दिवस आरडाओरडा करीन आणि तिसऱ्या दिवशी एष्टीत बसीन. मग मागं काय?

हितं एका मॉलमध्ये काम लागलंय. काचेच्या पलीकडं लोकं फिरत असत्यात आणि आमी आत मशीन फिरवत असतो. कन्नड येतंय म्हणून घेतलं मला.

जोत्या


बंगळूर,
रविवार, ११ मे २०२५

आई,

आता सगळं तुलाच लिहितो. ‘हितनं पुढं वाचू नको’ हे आता कुणासाठी लिहू?

पिंकीनं काल फोनवर सगळं सांगितलं. पहिल्याच पत्राला तू तिला धरलंस म्हणं. ती म्हणाली, पत्र संपलं. तू म्हणालीस, “संपलं तर डोळं का फिरत्यात? तोंड गप आन् डोळं पळायलेत. वाच की गं.” ती म्हणाली, त्यात काय न्हाय. तू म्हणालीस, “काय न्हाय ते वाच.”

म्हणजे जेनाचं, अक्कम्माचं, नव्या केसांचं, सगळं तुला पहिल्या दिवसापासनं म्हाईत. आणि तरी तू दर मंगळवारी आणि शुक्रवारी पाठ करून बसत ऱ्हायलीस. मी हितं मोठा डाव टाकल्यागत पत्रं लिहीत होतो. खुर्ची माझी न्हाय हेबी तुला म्हाईत. पिंकी म्हणती, ते ऐकून तू लई हसलीस.

कॉलेजच्या पत्त्यावर पाठवलेलं पत्रसुद्धा तिनं दप्तरात ठेवलं न्हाय. त्याचा मला राग आला होता, आता न्हाय. तिनं ते वाचलं, तू पुन्हा एकदा वाचायला लावलंस. मग उठून शेरडांना पाला टाकून आलीस. हात धुतलंस, पाटावर बसलीस आणि म्हणालीस, “मशीन लाव.”

पिंकी म्हणाली, “दादा नको म्हणतोय ना आता.”

तू म्हणालीस, “त्येला काय इचारायचं? डोई त्येची हाय का माजी?”

हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी दोन वर्सं वाचली असती. मी कात्री आणली तेव्हाबी मी विचारलं न्हाय, मशीन पाठवलं तेव्हाबी न्हाय, बंद कर म्हणालो तेव्हाबी न्हाय.

चार बोटं केस मोकळं झाल्यात, आणि गेल्या शुक्रवारी वाळवताना जट पिंकीच्या हातात आली. गळाली, असं ती म्हणाली. ती भिऊन रडायला लागली तर तूच तिला गप केलंस. जट हळद-कुंकू लावून देवापुढं ठेवलीस. आणि मग बोलता बोलता पिंकीनं असंबी सांगितलं की आबाची लोकर कातरायची जुनी कातर गोठ्यातल्या खुंटीवर उलटी टांगलेली दिसली, ती कायम सुलटी असती. सुटली म्हणजे सुटली. तिनं सोडलं, नाहीतर तू सोडलंस, दोघींचं तुमी बघा.

मी पिंकीला एवढंच विचारलं की आता आबा आल्यावर काय. मी म्हणालो, आईला हितं घेऊन ये, मी खोली बघतो. तिनं तुला विचारलं. तुझं उत्तर तिनं तुझ्याच आवाजात सांगितलं मला: “त्येला म्हणावं, मधी पडू नको. पोरगं येतंय आन् जातंय. माजी शेरडं हितं, चूल हितं, मला हितं ऱ्हायाचंय.” आणि मग म्हणं तू जटेकडं बघून म्हणालीस, “द्येवी सुटली तर सुटू दे. तिचा धाक तेवढा घरात ऱ्हाऊ दे.” आणि पुढं, “त्येला इचार, तेंच्या सलूनमदी बाया खोटं क्यास लावत्यात म्हनं. ते कशानं धरतंय?”

आई, मी फोन ठेवला आणि मॉलच्या मागच्या जिन्यावर जाऊन बसलो. हसायला येत होतं आणि रडायलाबी, दोन्ही एकाच तोंडानं कसं करायचं ते कळंना.

क्लिपनं धरतंय. पाठवतो.

जोतिराम


हैदराबाद,
रविवार, १ जून २०२५

आई,

परत हैदराबादला आलो. सुंदरम्मानं एक शिवी दिली आणि ॲप्रन दिला. मी तिला माझ्या आईसाठी क्लिपा पाहिजेत म्हणालो, कशासाठी ते सांगितलं. तिनं दुकानातल्या न्हाय, स्वतःच्या कपाटातल्या काढून दिल्या. म्हणाली, ह्या घट्ट हायत, माझ्या हायत.

पिंके, मोठ्यानं वाच, आणि सगळं वाच.

क्लिपेला फणीगत बारीक दात हायत. ती दाबली की टक् करून मिटती. जटेच्या वरच्या टोकाला काळ्या दोऱ्यानं शिवायच्या, मधी एक आणि कानांच्या मागं यायच्या अशा दोन. घोंगड्याचे काठ शिवतीस तसा टाका घाल, दोन्ही बाजूंनी. जट पाण्यात घालायची न्हाय आता. उन्हात ठेवायची, कडुलिंबाच्या पाल्यात गुंडाळायची, म्हणजे कसर लागायची न्हाय.

आई, आधी तुझं केस धुऊन वाळव. मुळं पहिली, मग बाकीचं, शेवटाला गार हवा. ओल्या केसावर क्लिप बसत न्हाय, घसरती. म्हणून घरच्या घरी नीट वाळवता आलं पाहिजे, नुसतं वरवर न्हाय, सलूनमध्ये वाळवत्यात तसं. वाळलं की मधी भांग पाड, दोन्हीकडनं चप्प बसव आणि त्यावर क्लिपा मीट. वरनं हळद, हळदीवरनं पदर. मग वाकून बघ. भाकरी थाप, शेळीची धार काढ, घागर उचलून बघ. मान झटकून बघ. हलली न्हाय म्हणजे झालं. मैंदर्गीच्या बाजाराला एकदा घालून जाऊन ये. तितं कुणी ओळखलं न्हाय तर घरात कोण ओळखतंय.

आबा घरात असतील तेवढे दिवस मशीन धान्याच्या कणगीत ठेव. मंगळवारी-शुक्रवारी ते शेरडांकडं गेलं की दार लावून काढून ठेव आणि डोक्याला वारा लागू दे. अक्कम्मा आली तर तिला काय सांगायचं ते तुला माझ्यापेक्षा बरं जमतंय. पिंकी म्हणती, अक्कम्मानं परवाच तुझ्या पदराकडं लई येळ बघितलं आणि चहा पिऊन गेली. तिलाबी काय काय म्हाईत असंल.

आबांना मी काय लिहीत न्हाय. त्यांना राग यायचा तेव्हा त्यांचा हात कुठं जायचा, हे त्यांना आठवतं का न्हाय, मला कळत न्हाय. देवीला भितात ते खरं भितात. तेवढ्या भ्यानं का असंना, घर शांत हाय तर शांत ऱ्हाऊ दे.

आता माझं एक मागणं.

दिवाळी झाली की आबा मेंढरं घेऊन जातील. तेव्हा मी येऊ का? कात्री आणणार न्हाय. पिशवी दारातच पिंकीला तपासू दे. तुझी शपथ मोडायचीबी गरज न्हाय, मी सगळं बघून ठेवलंय. केस वाळवणारं माणूस कायम मागं उभं असतं. सलूनमध्ये समोर आरसा असतो म्हणून तोंड दिसतंय, आपल्यात तो देव्हाऱ्याजवळ टांगलेला हाय, तेवढा काढून ठेव. म्हणजे माझं तोंड तुला दिसायचं न्हाय. आणि मशीन चालू असलं की कुणाचा आवाज कुणाला ऐकू येत न्हाय.

मी मागनं येताना आधी पायानं जमिनीवर ठक् करीन, म्हणजे मागं कोण हाय ते तुला कळंल. केस मुठीत धरणार न्हाय. बोटांवर घेईन, थोडे थोडे. तू हात वर केलास तर थांबीन.

तू बस. मी बटण दाबतो.